तिकीट नंबर चोवीसशे सतरा

वैशालीने सर्व्हरसाठी नऊ नियम केले होते आणि नऊच्या नऊ नियम चांगले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, बाई अर्धवट होती. अर्धवट बिर्धवट काही नव्हती. लोअर परळच्या एका कंपनीत अकरा वर्षं ती हेच काम करत होती. साडेचारशे माणसांचे कॉम्प्युटर, त्यांचे विसरलेले पासवर्ड, त्यांच्या हरवलेल्या फायली. ‘सिंक म्हणजे बॅकअप नव्हे’ हे वाक्य ती आठवड्यातून चारदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. तर अशा बाईने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, आपल्या बापाच्या गिरणीच्या पासाची प्रिंट काढायची म्हणून कामगार-वारसांच्या समितीचा सर्व्हर उघडला, चोवीसशे सतरा नंबरचा फोल्डर काढला, आणि पासावर तिला भलत्याच माणसाचा फोटो दिसला.

गोरा, धारदार नाकाचा, टोपी घातलेला माणूस. नाव कुशाबा तावडे. साचा खातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचं. तिकीट नंबर चोवीसशे सतरा. तिचा बाप, बुधाजी कांबळे, कुठेच नव्हता. तिने फोल्डर बंद केला, परत उघडला. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. दुसऱ्यांना हे करताना बघून ती हसायची, आज स्वतः करत होती. मग फाइलची तारीख बघितली. तेरा दिवसांपूर्वीची होती.

गुरुवारी अकरा वाजता तिच्या आईची, मीराबाईची, सुनावणी होती. गिरणी कामगारांच्या वारसांना घरं द्यायची होती, त्या सोडतीत मीराबाईचं नाव लागलं होतं. आता सरकारी कार्यालयात जाऊन एवढंच दाखवायचं होतं की संप सुरू झाला त्या दिवशी बुधाजी कांबळे नावाचा माणूस गिरणीच्या पटावर होता. ते दाखवणारा कागद एकच होता, तो पास. बुधाजीची बाकीची सगळी वर्षं बदलीत गेलेली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. त्याचा ना फंड, ना पावती. कायम झाला तो संपाच्या आधी जेमतेम दीड वर्ष, आणि गिरणी बंद पडल्यावर तिचं दप्तर कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही.

आणि घर हवं होतं ते चैन म्हणून नव्हे. लालबागच्या चाळीत ही माणसं चाळीस वर्षं राहिली ती पोटभाडेकरू म्हणून. चाळ पाडली तेव्हा मूळ भाडेकरूला टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला, ह्यांना मिळाला नमस्कार. तेव्हापासून रे रोडला लाकडाच्या वखारींमागे एक खोली घेऊन राहत होत्या दोघी मायलेकी, आणि ती खोलीही मालकाला महिनाअखेर परत हवी होती. मीराबाई आता सत्त्याहत्तरची. तिचं म्हणणं फार मोठं नव्हतं. स्वतःचं एक दार असावं आणि त्यावर त्यांचं नाव असावं, बस्स. ‘त्यांचं’ म्हणजे बुधाजीचं.

आता तुम्ही विचाराल, अस्सल पास कुठे गेला? हा प्रश्न वैशालीला विचारू नका, ती स्वतःलाच विचारून अर्धी झाली आहे. पासाचे घडीवर तीन तुकडे झाले होते. मीराबाई ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवायची. वैशालीने ते तुकडे काचेवर नीट जुळवून स्कॅन केले, आणि चाळ रिकामी करताना, टेम्पो खाली उभा असताना, आई ती पिशवी ब्लाउजमध्ये खोचायला लागली तेव्हा हीच म्हणाली, “आई, काय हे? वास मारतोय त्याला. सर्व्हरवर आहे ना! तीन तीन ठिकाणी आहे. एक जळलं तरी दोन राहतात.” मीराबाईने एकदा लेकीकडे बघितलं. लेक शिकलेली. पिशवी कचऱ्याच्या गोणीत गेली.

समितीचं काम वैशालीने अंगावर घेतलं ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. परळच्या एका चाळीत तळमजल्याला अप्पांची खोली, तीच समितीची कचेरी. अप्पा मालवणकडचे, ऐंशी ओलांडलेले, साचा खात्यातच आयुष्य गेलेलं. त्यांच्याकडे वारस मंडळी पिशव्या भरभरून कागद आणून टाकायची आणि अप्पा ते गोणपाटात बांधून ठेवायचे. उंदरांची चैन होती. वैशाली एका रविवारी गेली, तिने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या कंपनीतून मोडीत काढलेला एक छोटा सर्व्हर मागून आणला, तो अप्पांच्या कपाटावर बसवला, स्कॅनर जोडला. जे त्या डब्यात जाईल ते आपोआप तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर जायचं आणि माटुंग्याला उन्मेषच्या घरी जायचं. उन्मेष तिच्याबरोबर कॉलेजात होता, सज्जन माणूस, समितीसाठी घरातलं एक मशीन त्याने कायमचं देऊन टाकलं होतं.

पहिल्या वर्षी लोकांनी काय काय नावं दिली फायलींना! ‘पपांचा पास’, ‘पपांचा पास नवीन’, ‘पपांचा पास हाच घ्या’. एकाने नावात गणपतीचं चित्र टाकलं. एकाने खातं आणि गिरणी यांच्यामध्ये तिरकी रेघ मारली, सर्व्हरला वाटलं नवा फोल्डर, आणि त्या माणसाचे कागद सहा महिने कुणालाच सापडले नाहीत. मराठीत लिहिलेली नावं कार्यालयाच्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसायची. बुधाजी कांबळे नावाचेच चार जण निघाले, आणि त्यातले दोघे एकाच गिरणीचे. अशा वेळी नाव काय कामाचं? म्हणून वैशालीने नियम केले, टाइप करून प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला चिकटवले. जागा सोडायची नाही. रेघ, टिंब, चित्र चालणार नाही. आणि नियम पहिला, ठळक अक्षरांत: माणसाचं नाव लिहायचं नाही. गिरणी, खातं, तिकीट नंबर, कागदाचा प्रकार. बस्स.

“नाव नाय लिवायचा?” अप्पांनी विचारलं होतं. “गो, पण तिकिटाचा असा आसता...”

“अप्पा, नाव दहा जणांचं असतं. तिकीट एकाचंच. मला करू द्या ना.”

 अप्पांना वाटलं, कॉम्प्युटरचं आपल्याला काय कळणार. आणि वैशालीला वाटलं, अप्पांना काय कळणार.

कार्यालयाला तिची ही मांडणी एवढी आवडली की त्यांनी लेखी कळवलं, अस्सल कागद नष्ट झाला असेल तर समितीच्या सर्व्हरवरचं स्कॅन, समितीच्या सहीनिशी, ग्राह्य धरू. ती सही कुणाची? वैशालीची. अप्पांनी त्या दिवशी पेढे वाटले होते.

बाकी सेटिंगा तिने केल्या त्याही उगीच नव्हेत. एकाच नावाची फाइल पुन्हा आली तर नवी ठेवायची, जुनी काढायची, कारण लोक आधी अंधारातला फोटो टाकायचे आणि मग चांगला. जुन्या प्रती साठवायची सोय होती, ती पहिले आठ महिने चालू होती. मग डिस्क भरली. एकेका बाबाने तोच कागद चौदा वेळा टाकलेला. तेव्हा तिने ती सोय बंद केली, तात्पुरती, नवी डिस्क येईपर्यंत. ह्याला दोन वर्षं झाली. कंपनीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला उभा सोलला असता.

सोमवारी दुपारी तिने तिथूनच अप्पांना फोन लावला.

“अप्पा, चोवीसशे सतरामध्ये हे कुशाबा तावडे कोण आले?”

“कुशाबा?” अप्पांचा आवाज एकदम मोकळा झाला. “अगो, तुझ्या बापाशीचो दोस्त! त्याची नात इली होती ना, मेघना, गेल्या महिन्यात. गावच्या घरात पास गावलो तिका. मीच म्हटलंय, टाक बाय, नियम भिंतीर असत, वाचून टाक.”

“पण ह्यांचा नंबर आणि बाबांचा नंबर एकच कसा?”

“एकच आसतलो. तिकीट माणसाचा नसता गो, साच्याचा आसता. एक माणूस गेलो की दुसरो त्याच साच्यावर, त्याच तिकिटावर. कुशाबाक छातीचो रोग झालो, तो संपाच्या दोन वर्सां आधी गावाक गेलो. जाताना साचो बुधाजीक देऊन गेलो. तुका ठावक नाय?”

ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? लहानपणापासून ऐकलेली गोष्ट होती ती. साचा खात्यात तेव्हा बौद्ध माणसाला उभं करत नसत. तुटलेला धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, त्यावरून विटाळ. आपली माणसं सगळी रिंग खात्यात, सूतकताईला. तर हा मालवणी मराठा कुशाबा मुकादमापुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या साच्यावर बुधाजीच उभा राहील, नाहीतर मी साचा सोडतच नाही, इथेच रक्त ओकून मरतो. मीराबाई ही गोष्ट सांगताना दर वेळी रडायची. त्या गोष्टीत तिकीट होतं, साचा होता, दोन माणसं होती, सगळं होतं. गिरणी कामगाराची पोर, ह्याच गोष्टीवर वाढलेली, आणि नियम लिहायला बसली तेव्हा तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

“अप्पा, बाबांचा पास गेला,” ती म्हणाली.

“गेलो म्हणजे? तीन ठिकाणी आसा ना?”

तिने फोन ठेवला. तीन ठिकाणी होता, आणि तिन्ही ठिकाणी आता कुशाबा असणार, कारण तिन्ही मशिनं तिने शिकवल्याप्रमाणे प्रामाणिकपणे एकमेकांची नक्कल करत होती.

आणि मग तिला आठवलं. उन्मेषच्या घरी रंगकाम चाललं होतं! गेले तीन आठवडे त्याचं मशीन बंद होतं, तसा त्याने मेसेज केला होता. म्हणजे मेघनाने कागद टाकला तेव्हा ते मशीन बंदच. म्हणजे त्यावर अजून बुधाजी होता! वैशाली खुर्चीतून उठली, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय झालं, तर ही म्हणाली, “काही नाही गं, वाचले.” अर्ध्या दिवसाची रजा टाकली, टॅक्सी केली, आणि टॅक्सीत बसता बसता उन्मेषला फोन केला.

“उन्मेष, घरी आहेस? मी येतेय. मला तुझं मशीन बघायचंय, अर्जंट आहे.”

“ये ना. काय झालं?”

“आल्यावर सांगते.”

एवढंच बोलली ती. आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य तिला ठाऊक होतं, कंपनीत तिनेच छापून लावलं होतं: मशीन चालू करू नका, आधी नेटची वायर काढा. पण आनंदात माणूस बोलतो थोडंच. परळच्या पुलावर टॅक्सी अडकली तेव्हा ती मनातल्या मनात आईला सांगत होती की कसं थोडक्यात निभावलं.

माटुंग्याला जिने चढून ती दारात पोचली तर उन्मेष हसतमुखाने उभा. घरभर रंगाचा वास. फर्निचरवरची पेपरं काढून त्याने टेबल पुसून ठेवलं होतं, चहाचं आधण ठेवलं होतं.

“बस. तुझं अर्जंट म्हटल्यावर मी मशीन चालूच करून ठेवलं, म्हटलं तुझा वेळ नको जायला. तीन आठवड्यांचं साठलं होतं, सगळं आलं बघ. आत्ता पाच मिनिटांपूर्वी पूर्ण झालं.”

वैशाली तशीच दारात उभी राहिली. चपला काढायचंही तिला सुचलं नाही. पडद्यावर हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं, सर्व फायली अद्ययावत.

“काय गं?” उन्मेष म्हणाला. “बरं नाही का?”

तिने सांगितलं. ऐकता ऐकता तो मटकन खाली बसला, रंगाच्या डब्यावरच. “अगं, मला काय माहीत! मी आपलं...” तो म्हणाला. त्याच्यावर ओरडावं असं तिला फार वाटलं. पण ओरडणार कशावरून? त्याने चांगुलपणाच केला होता. आधण उकळून उकळून आटलं, शेवटी त्याने उठून गॅस बंद केला.

मंगळवारी ती ते मशीन घेऊन लॅमिंग्टन रोडला गेली. गेलेला डेटा काढून देणारं एक दुकान तिथे होतं, आत एक पोरसवदा कारागीर. त्याने दोन तास खटपट केली. मग म्हणाला, “मॅडम, जुनी गोल फिरणारी डिस्क असती तर काहीतरी निघालं असतं. ह्या नव्या डिस्का पुसलेलं लगेच साफ करतात. फास्ट असतात ना.” त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. नवी, फास्ट डिस्क वैशालीनेच उन्मेषला घ्यायला लावली होती.

तिथून ती दादरला आली. मेघना तिथे एका शाळेत शिकवायची. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी भेटली. तिशीची मुलगी, खांद्यावर वह्यांची पिशवी, भेदरलेली. अप्पांनी तिला फोन करून सगळं सांगितलं होतं.

“ताई, मी नियम वाचूनच टाकलं हो. फोटो काढून आणले होते भिंतीवरच्या नियमांचे. हे बघा.”

“माहितीय मला. तुझं काही चुकलं नाही.”

“फोल्डर आधीच होता तिथे. मला वाटलं, तुम्हीच आमच्यासाठी तयार करून ठेवलाय.”

 वैशालीने बोलू नये ते बोलून टाकलं. “मेघना, तुझे आजोबा संपाच्या आधीच गावी गेले होते. अप्पांना माहीत आहे. म्हणजे नियमाप्रमाणे तुमचा दावा बसत नाही. तू कार्यालयात तसं सांगशील? लेखी?”

मेघनाने पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.  “घरात एवढंच सांगतात की आजोबा आजारी पडून आले. कुठल्या वर्षी, ते बाबांनाही नक्की माहीत नाही. मी कसं लिहून देऊ, ताई? आणि... सहा जण राहतो आम्ही गिरगावात, दहा बाय बाराच्या खोलीत. आमचंही घर आहे ना हे.” तिचे डोळे भरून आले. घंटा झाली, ती गेली.

मुलगी खोटं बोलत नव्हती, हेच तर अवघड होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

घरी मीराबाईला काही सांगितलं नव्हतं. सोमवारी सांगायचं ठरवलं, तर म्हातारीने पांढरी साडी धुऊन वाळत घातली होती, गुरुवारसाठी. मंगळवारी सांगायचं ठरवलं, तर ती शेजारणीला सांगत बसली होती की एवढी सुनावणी झाली की किल्ली मिळायला वेळ नाही लागायचा. बुधवारी वैशालीने तोंड उघडलंही. “आई, उद्याचं...” तर मीराबाई म्हणाली, “उद्या मी बोलणार नाय गं काही. तू बोल. मला नीट बोलता येत नाय हापिसात.” आणि ती इस्त्रीला साडी देऊन आली.

गुरुवारी कार्यालयात गर्दी होती. पंखा खडखडत होता. अप्पा आधीच येऊन बसले होते, धुतलेला सदरा घालून. पलीकडच्या बाकावर मेघना होती, मान खाली. कारकुनाने दोन्ही नावं एकदमच पुकारली. एका तिकिटावर दोन दावे आले होते, म्हणून एकत्र घेतले होते. टेबलामागे बसलेल्या अधिकारी बाई तशा वाईट नव्हत्या. मीराबाईला त्यांनी आधी खुर्ची दिली.

“मीराबाई बुधाजी कांबळे. पुरावा?”

मीराबाईने लेकीकडे बघितलं. अभिमानानेच बघितलं. वैशाली उभी होती, हातात काही नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे? आणला नाही?”

“नष्ट झाला, मॅडम. स्कॅन होतं आमच्या सर्व्हरवर. त्याच नावाची दुसरी फाइल आली आणि ते पुसलं गेलं. चूक माझी आहे. सेटिंग माझी होती.”

मीराबाई अजून तिच्याकडे बघत होती. म्हातारीला सगळे शब्द कळले नसतील, पण ‘पुसलं’ कळलं. तिने पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

अप्पा उठले. “बायसाहेब, मी सांगतंय ना! मी डोळ्यांनी बघलंय बुधाजीक, त्या साच्यावर. संपाच्या आदल्या पाळीक माझ्या बाजूकच उभो होतो!”

“बाबा, तुमच्यावर अविश्वास नाही. पण लेखी आहे का काही?”

अप्पांनी खिसे चाचपले, जणू एखादवेळी असेलच. मग ते खाली बसले.

बाईंनी मेघनाचा कागद पुढे ओढला. कुशाबाचा पास, रंगीत प्रिंट. अस्सल पास गावाहून आणल्यावर मेघनाने बँकेच्या लॉकरात ठेवला होता, तो नंतर दाखवायचा होता. आज समितीच्या नोंदीवर भागणार होतं. “हे स्कॅन तुमच्या सर्व्हरवरचंच आहे?” बाईंनी वैशालीला विचारलं.

“हो.”

“त्यात काही फेरफार?”

“नाही.”

“मग समितीतर्फे इथे सही करा. प्रत खरी आहे, एवढंच.”

“मॅडम, ह्या पासावर कुशाबांनी गिरणी कधी सोडली ते नाही लिहिलेलं.”

“नाही ना लिहिलेलं. मग मी ते कसं धरू? मला कागद दाखवा, मी आत्ता बदलते.”

पेन टेबलावर होतं. सही नाही केली तर मेघनाचाही दावा लटकला असता, वर्षभर तरी. घर कुणालाच मिळालं नसतं. वैशालीच्या मनात ते आलं, आलं नाही असं कशाला म्हणू? ती उभीच राहिली. मेघनाने पहिल्यांदाच मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वैशू,” मीराबाई म्हणाली. “कागद खरा आहे ना त्यांचा?”

“खरा आहे, आई.”

“मग कर की सही.”

वैशालीने सही केली. आपलं नाव, तारीख, खाली तिकीट नंबर. कारकुनाने शिक्का मारला. मग त्याने मीराबाईची फाइल ओढली, लाल शाईने पहिल्या पानावर ‘दावा अमान्य’ हे दोन शब्द लिहिले, आणि ती डाव्या हाताच्या ढिगावर टाकली. “आजी, अपिलाला तीस दिवस आहेत,” तो म्हणाला. “नवीन पुरावा आणला तर.” आणि त्याने पुढचं नाव पुकारलं.

बाहेरच्या व्हरांड्यात अप्पा भिंतीला टेकून रडत होते, लहान पोरासारखे. मेघना जवळ आली, मीराबाईच्या पाया पडली. मीराबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझा आजा देवमाणूस होता,” एवढंच म्हणाली. मेघना हुंदका देत जिना उतरून गेली.

वैशालीला वाटत होतं, आता आई बोलेल. बोलावं, शिव्या द्याव्यात, ती पिशवी गोणीत टाकल्याबद्दल एक तरी थोबाडीत मारावी. मीराबाईने कडक इस्त्रीची साडी चुरगळू नये म्हणून ओचा सावरला आणि हळूहळू बाकावर बसली. 

“आज तारीख काय गं?”

“तेरा.”

“म्हणजे खोली सोडायला सतरा-अठरा दिवस आहेत.” तिने बोटांवर मोजले, एकदा, मग पुन्हा एकदा. मग तिने मान वर करून लेकीकडे बघितलं, तिच्या शिकलेल्या लेकीकडे, आणि अगदी साधं विचारलं, “मग आता आपण राहायचं कुठे, वैशू?”